घरातले गणित : उलट वाचा, सुलट वाचा

कल्याणच्या एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. पत्र साधे आहे, पण प्रश्न खुबीचा. त्यांच्या धाकट्या मुलाने कर्ज काढून नवी मोटारसायकल घेतली. नंबर मिळवून देणाऱ्या एजंटाने त्याच्या डोक्यात भरवले, ‘४८८४ हा नंबर घे. पुढून वाचला तरी तोच, मागून वाचला तरी तोच. असा नंबर अपघात परतवून लावतो.’ त्यासाठी जादा काही हजार मोजायचे. आई म्हणते, अजिबात नको. पण घरातली नववीतली मुलगी म्हणते, ‘आई, या आकड्यांत काहीतरी असते गं. ११ चा वर्ग १२१, २२ चा वर्ग ४८४. दोन्ही बाजूंनी सारखेच!’ आता भगिनी विचारतात की, खरे कोणाचे मानायचे?

बंधू-भगिनींनो, मुलीचे खरे आहे आणि एजंटाचे खोटे आहे. पण नुसते एवढे सांगून मुलगा ऐकणार नाही. मुलीचे खरे का, हे नीट पाहिले तर एजंटाचे खोटे का हेही त्यातूनच दिसते. तेव्हा वही आणि पेन्सिल घेऊन बसा.

आधी नाव ठरवू. ‘कडक’, ‘सरस’, ‘नवीन’ हे शब्द उलटे वाचले तरी तेच राहतात. ‘रामाला भाला मारा’, ‘ती होडी जाडी होती’ ही वाक्ये लहानपणी आपण एकमेकांना घातलेली आहेत. अशा संख्येला इंग्रजीत पॅलिंड्रोम म्हणतात, आपण विलोम संख्या म्हणू. १२१ विलोम आहे, ४८८४ विलोम आहे. १४४ नाही, कारण ती उलटी केली की ४४१ होते. (१४४ हा १२ चा वर्ग आणि ४४१ हा २१ चा, ही गंमत बाजूला ठेवू. तिच्यावर एक वेगळा लेख होईल.)

आता विलोमही असावी आणि पूर्ण वर्गही असावी, अशा संख्या शोधू. एक अंकी १, ४, ९ तर आहेतच. दोन अंकी एकही नाही. तीन अंकी तीन सापडतात : १२१, ४८४ आणि ६७६. शेवटची २६ चा वर्ग आहे. पाच अंकी सात आहेत : १०२०१, १२३२१, १४६४१, ४०८०४, ४४९४४, ६९६९६ आणि ९४२४९. त्यांची वर्गमुळे अनुक्रमे १०१, १११, १२१, २०२, २१२, २६४ आणि ३०७. गुणून पाहा, माझ्यावर विश्वास ठेवू नका.

तीन अंकी झाल्या, पाच अंकी झाल्या. मग चार अंकी कुठे गेल्या? चार अंकी एकही नाही. याचे कारण घरच्या घरी सिद्ध करता येते, म्हणून थोडे थांबू. ४८८४ घ्या. ती म्हणजे १००१ ची चारपट अधिक ११० ची आठपट. १००१ ला ११ ने भाग जातो (११ × ९१), ११० लाही जातो. कोणत्याही चार अंकी विलोम संख्येची अशीच फोड होते. म्हणजे तिला ११ ने भाग जाणारच. आता ती संख्या वर्गही असेल, तर तिच्या वर्गमुळालाही ११ ने भाग गेला पाहिजे, कारण ११ चे आणखी तुकडे पडत नाहीत. चार अंकी वर्गांची वर्गमुळे ३२ ते ९९. त्यांत ११ च्या पटीतली सातच : ३३, ४४, ५५, ६६, ७७, ८८, ९९. त्यांचे वर्ग १०८९, १९३६, ३०२५, ४३५६, ५९२९, ७७४४, ९८०१. सातही वाचून पाहा, एकही विलोम नाही. पहिला आणि शेवटचा मात्र एकमेकांचे उलटे आहेत, तेवढे समाधान. चार अंकी नंबरपाट्यांचा प्रश्न असा सात गुणाकारांत मिटतो.

हेच कारण सहा अंकी, आठ अंकी, सर्व सम अंकी विलोम संख्यांना लागू आहे. म्हणून अशा वर्गांचा दुष्काळ असतो. सहा अंकीसाठी ३१९ पासून ९९० पर्यंत ११ च्या पटीतल्या ६२ संख्यांचे वर्ग करावे लागतात आणि हाती एकच लागतो : ८३६ चा वर्ग ६९८८९६. आठ अंकी एकही नाही, दहा अंकी एकही नाही. नंतरचा थेट बारा अंकी, ७९८६४४ चा वर्ग ६३७८३२२३८७३६.

पण मुळात वर्ग विलोम होतो कसा? गुणाकार मांडून पाहा. १११ ला १११ ने गुणायचे. तीन ओळी येतात, तिन्ही १११, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकलेली. उभी बेरीज करा. उजव्या टोकाच्या घरात एक १, पुढच्यात दोन, मधल्यात तीन, मग पुन्हा दोन, पुन्हा एक. उत्तर १२३२१. जिन्याच्या पायऱ्या चढाव्यात आणि पलीकडे उतराव्यात तसे. यात चमत्कार काही नाही, मांडणीच दोन्ही बाजूंनी सारखी आहे, मग उत्तर दुसरे कसे येईल? अट एकच आहे. हातचा येता कामा नये.

आपल्याला शाळेत ‘हातचा विसरू नकोस’ म्हणून धपाटे पडलेले आहेत. इथे तोच हातचा खेळ बिघडवतो. २२२ चा वर्ग करा. मधल्या घरात चार, चार आणि चार, मिळून बारा. दोन लिहायचे, हातचा एक डावीकडे ढकलायचा. झाले! डावी बाजू वाढली, उजवी तशीच राहिली, उत्तर ४९२८४. २१२ मात्र थोडक्यात सुटते. तिथे मधल्या घरात चार, एक आणि चार, बरोबर नऊ. हातचा नाही, म्हणून ४४९४४. तेव्हा कसोटी अशी : मूळची संख्या विलोम असेल आणि तिच्या अंकांच्या वर्गांची बेरीज नऊच्या आत किंवा नऊ असेल, तर वर्ग विलोम येणारच. १०१, १००१, १०००१ अशा शून्ये वाढवत कितीही लांब जा, वर्ग विलोमच येईल. २६, २६४, ३०७, ८३६ यांची गोष्ट वेगळी. तिथे हातचे येतात, सगळीकडून येतात, आणि योगायोगाने उत्तर सारखे जुळते. पहिल्या प्रकारात नियम आहे, दुसऱ्यात योगायोग. दोन्हींची पाटी एकच, पण माल वेगळा.

फक्त १ या अंकाच्या संख्यांचे वर्ग घेतले की १, १२१, १२३२१, १२३४३२१ अशी माळ तयार होते. या माळेशी आपल्या एका मराठी शिक्षकाचे नाव जोडलेले आहे, दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. जन्म १९०५ चा, डहाणूचा. नाशिकजवळ देवळालीला शाळेत शिकवत. पदवी बी. एस्सी., त्यापुढचे शिक्षण नाही, विद्यापीठात खुर्ची नाही. पण आकड्यांचा नाद असा की, ६१७४ ही संख्या आज जगभर कापरेकरांच्या नावाने ओळखली जाते. १९७५ मध्ये अमेरिकेच्या ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकातल्या सदरात मार्टिन गार्डनर यांनी त्यांच्याविषयी लिहिले, तेव्हा परदेशातल्या सामान्य वाचकांनाही ते नाव कळले. १९८६ मध्ये ते गेले. तर वरच्या माळेतल्या संख्यांना कापरेकरांनी नाव दिले ‘डेमलो संख्या’. हे डेमलो म्हणजे आपले डोंबिवली! मुंबईकडच्या लोहमार्गावर त्या स्थानकात ही कल्पना सुचली म्हणून स्थानकाचेच नाव दिले. आज त्या फलाटावर सकाळी आठला उभे राहून गाडीत पाय ठेवायला मिळाला तरी पुष्कळ, आकडे कुठले सुचायला.

कापरेकरांच्याही फार आधी, इ. स. ८५० च्या सुमारास, महावीराचार्य या गणितज्ञांनी ‘गणितसारसंग्रह’ हा ग्रंथ लिहिला. राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाचा तो काळ. त्या ग्रंथात असे गुणाकार आहेत की, उत्तर गळ्यातल्या हारासारखे दोन्ही बाजूंनी सारखे यावे. त्यांतला एक : २७९९४६८१ गुणिले ४४१. उत्तर १२३४५६५४३२१. हे दोन आकडे त्यांना कसे मिळाले असतील? ४४१ हा २१ चा वर्ग आहे, आणि २७९९४६८१ हा ५२९१ चा. आता २१ ला ५२९१ ने गुणा. येतात १११११११ नव्हे, नीट मोजा, सहा एक : १११११. . . पूर्ण मी लिहीत नाही, तुम्हीच गुणून लिहा. म्हणजे हा हार सहा एकांच्या वर्गाचाच आहे, फक्त दोन तुकड्यांत लपवलेला.

ही माळ किती लांब जाते? नऊ एकांपर्यंत. त्यांचा वर्ग १२३४५६७८९८७६५४३२१, विलोम आणि देखणा. दहा एक घेतले की मधल्या घरात दहा येतात, हातचा निघतो, आणि उत्तर होते १२३४५६७९००९८७६५४३२१. माळ तुटली. ८ कुठे गेला, मध्ये दोन शून्ये कुठून आली!

आता खरा प्रश्न विचारू. माळ नऊवरच का तुटली? नऊ या संख्येत काही गुण आहे का? नाही. आपण दहाचे गठ्ठे बांधतो, म्हणून हातचा दहाला निघतो. आणि आपण दहाचे गठ्ठे बांधतो ते हाताला बोटे दहा आहेत म्हणून. दहा एककांचा दशक, दहा दशकांचे शतक. या दहाला गणितात पाया म्हणतात. पण पाया दहाच असला पाहिजे असा काही कायदा नाही.

विश्वास बसत नसेल तर घरातल्या म्हाताऱ्या माणसांना जुन्या नाण्यांविषयी विचारा. चार पैशांचा आणा, चार आण्यांची पावली, चार पावल्यांचा रुपया. म्हणजे चौसष्ट पैशांचा रुपया. (पै हे त्याहून लहान नाणे होते, ते सध्या सोडून देऊ.) १ एप्रिल १९५७ पासून शंभर नव्या पैशांचा रुपया आला आणि हा हिशेब संपला. पण तोपर्यंत आपले आजी-आजोबा बाजारात चारच्या पायाने व्यवहार करीत होते, आणि त्यांतल्या कित्येकांनी शाळेची पायरीही पाहिलेली नव्हती.

त्यांच्या पद्धतीने लिहू. एकेक घर आखा : उजवीकडे पैसे, मग आणे, मग पावल्या, मग रुपये. पाच पैसे म्हणजे एक आणा एक पैसा. लिहायचे ११. हे अकरा वाचायचे नाही, ‘एक-एक’ वाचायचे. आता पाच मुलांना प्रत्येकी पाच पैसे द्या. एकूण पंचवीस पैसे. एक पावली म्हणजे सोळा पैसे, राहिले नऊ. दोन आण्यांचे आठ, राहिला एक. एक पावली, दोन आणे, एक पैसा. घरांत लिहा : १२१! ११ चा वर्ग १२१, तोच जुना मित्र. फक्त या वेळी तो एकशे एकवीस नाही, पंचवीस आहे.

पुढे जा. एक पावली एक आणा एक पैसा म्हणजे २१ पैसे, घरांत १११. त्याचा वर्ग ४४१ पैसे. त्यातून सहा रुपये काढा, राहिले ५७ पैसे. म्हणजे तीन पावल्या, दोन आणे, एक पैसा. सहा रुपयांत चार रुपयांचा एक गठ्ठा आणि वर दोन. सगळे ओळीने लिहा : १२३२१. आणखी एक पाऊल टाका. एक रुपया, एक पावली, एक आणा, एक पैसा म्हणजे ८५ पैसे, घरांत चार एक. वर्ग ७२२५. चारच्या पायात तो होतो १३००३२१. माळ तुटली. दहाच्या पायात नऊ एकांपर्यंत टिकते, चारच्या पायात तीन एकांपर्यंतच, आणि उद्या कोणी डझनाने मोजायचे ठरवले तर अकरा एकांपर्यंत टिकेल. जेवढा पाया, त्याहून एक कमी.

आणि आता जी गोष्ट सांगतो तिच्यासाठी हा सगळा खटाटोप. कोणत्याही पायात १२१ याचा अर्थ काय? पाया गुणिले पाया, अधिक दोन पाया, अधिक एक. आठवीच्या पुस्तकातले सूत्र आठवा : (अ + १) चा वर्ग म्हणजे अ चा वर्ग अधिक २अ अधिक १. तेच हे. म्हणजे पाया कोणताही घ्या, तीन किंवा त्याहून मोठा, १२१ हा त्या पायात ‘पाया अधिक एक’चा वर्ग असतोच. तीनच्या पायात १२१ म्हणजे १६. चारच्या पायात २५. पाचच्या ३६, सहाच्या ४९, सातच्या ६४, आठच्या ८१. दहाच्या पायात १२१ म्हणजे आपला नेहमीचा एकशे एकवीस. अकराच्या पायात १४४.

यादी उलटी वाचून पाहा. १६ पासून पुढचा प्रत्येक वर्ग, एकही न सोडता, कुठल्या ना कुठल्या पायात १२१ असा विलोम दिसतो. वर्गमुळातून एक वजा करा, तो पाया. २०२५ हे साल ४५ चा वर्ग आहे, ते ४४ च्या पायात १२१ आहे. आपण ज्याला ओबडधोबड म्हणून सोडून देतो तो १४४ सुद्धा विलोम आहे, फक्त आपल्या घरी नाही, शेजारच्या अकराच्या घरी.

आता एजंटाकडे वळू. ४८८४ विलोम दिसते ती आपण दहाने मोजतो म्हणून. आठच्या पायात तीच संख्या ११४२४ अशी लिहितात. गाडी तीच, संख्या तीच, पण आता मागून-पुढून सारखी नाही. मग अपघात परतवण्याची तिची शक्ती कुठे गेली? उलट, शेजाऱ्याच्या गाडीचा नंबर ३७०९ असेल, दिसायला अगदी सामान्य. ३७०८ हा पाया घ्या, ३७०९ तिथे ११ अशी लिहिली जाते, म्हणजे विलोम झाली! अशा रीतीने तीनपासून पुढची प्रत्येक संख्या आपल्याहून एकने लहान पायात ११ असते. प्रत्येक गाडीला तो मान देता येतो, तोही फुकट.

मग संख्येचे स्वतःचे काय असते? पंचवीस खडे घ्या. ते पाच-पाचच्या पाच ओळींत चौकोनी बसतात. तुम्ही २५ लिहा, १२१ लिहा, नाहीतर काहीच लिहू नका, खडे बसतातच. ४८८४ खडे चौकोनात बसणार नाहीत, कारण ७० चा वर्ग ४९०० आणि ६९ चा ४७६१. तेरा खड्यांचे सारखे गट पडत नाहीत, ते कोणत्याही लिपीत, कोणत्याही पायात पडत नाहीत. वर्ग असणे हे संख्येच्या अंगचे आहे. विलोम दिसणे हे लिहिणाऱ्याच्या पद्धतीचे आहे. पैसे मागणारा माणूस दुसरे दाखवून पहिल्याचा भाव लावतो, तिथे सावध राहायचे.

भगिनींनी मुलाला एवढे सांगावे की, लक्षात ठेवायला सोपा, दिसायला बरा म्हणून नंबर हवा असेल तर ती हौस आहे, आणि कर्जाच्या हप्त्यांतून हौस परवडते का ते त्याने पाहावे. अपघाताची भीती असेल तर त्याच पैशांत चांगले हेल्मेट येते, एक नव्हे दोन येतील. एजंटाला मात्र ‘हा नंबर आठच्या पायात वाचून दाखवा’ असे जरूर विचारावे.

मुलीसाठी आणखी थोडे, कारण तिला गोडी लागलेली दिसते. संख्या दुसऱ्या पायात कशी लिहायची याची रीत सोपी आहे. पायाने भागत जायचे आणि बाक्या उजवीकडून डावीकडे मांडायच्या. १२१ ला ८ ने भागा, भागाकार १५, बाकी १. १५ ला भागा, भागाकार १, बाकी ७. उरला १. म्हणजे आठच्या पायात १७१. विलोम! सातच्या पायात करून पाहा, २३२ येईल. पुन्हा विलोम! तीनच्या पायात तर १११११, सगळे एकच एक, कारण ८१, २७, ९, ३ आणि १ यांची बेरीज १२१ होते.

हे शेवटचे सर्वांत दुर्मीळ आहे. दहाच्या पायात ११, १११, ११११ अशी कोणतीही संख्या वर्ग असू शकत नाही. शेवटचे दोन अंक ११ असले की ४ ने भागल्यावर बाकी ३ राहते. आणि वर्गाला ४ ने भागल्यावर बाकी नेहमी ० किंवा १ असते, ३ कधीच नसते. तीनच्या पायात हे जमले, आणि सातच्या पायात एकदा जमते : ४०० म्हणजे ३४३, ४९, ७ आणि १, म्हणून ११११. आणि ४०० हा २० चा वर्ग. आणखी किती असतील? नॉर्वेचे त्रिग्वे नागेल यांनी १९२० च्या सुमारास हा प्रश्न हाती घेतला आणि तिथलेच विल्हेल्म ल्युंगग्रेन यांनी १९४३ मध्ये उत्तर पक्के केले. तीन किंवा जास्त एकांची संख्या वर्ग असावी, अशी उदाहरणे सगळ्या पायांत मिळून दोनच आहेत : १२१ आणि ४००. सगळे पाये, म्हणजे अगणित. त्यांतून दोन!

संगणक आणि मोबाइल आतून दोनच्या पायाने चालतात, तिथे अंक दोनच, ० आणि १. तिथे विलोम वर्ग शोधणे मोठे कठीण, कारण दोन एक एकत्र आले की लगेच हातचा. नियमाने जमणारी माळ तिथे नाहीच, सगळा योगायोगावर भरवसा. ९ ही १००१ अशी लिहितात, ती ३ चा वर्ग, पहिला सापडला. पुढचा कुठे असेल म्हणता? दहात नाही, शंभरात नाही. ४५२३ पर्यंत जावे लागते. तिचा वर्ग २०४५७५२९, आणि दोनच्या पायात तो असा : १००११１०००००१०१०००००१११००१. पंचवीस अंक, मधोमध शून्य. आरशासमोर धरल्यासारखे.

या आठवड्यासाठी दोन कोडी. पहिले, १०० ही संख्या आपल्या लिखाणात विलोम नाही, पण दहापेक्षा लहान तीन पायांत ती विलोम आहे. एक पाया वरच्या नियमाने न भागताच सांगता येतो, उरलेले दोन शोधा. दुसरे, १२१ तीनच्या पायापासून पुढे सगळीकडे वर्ग आहे. मग १४६४१ कितीच्या पायापासून? कच्चे गणितही पाठवा, नुसते उत्तर नको. उत्तरे पुढच्या अंकात.